ओल्या बोटाचा ठसा

माझ्या तळहातांना घाम येतो. नुसते दमट होत नाहीत, ठिबकतात. लहानपणापासूनचं आहे. थंडीतही येतो, पंख्याखाली बसलं तरी येतो, आणि कुणी आपल्या हाताकडे बघतंय असं वाटलं की जास्तच येतो. शाळेत उत्तरपत्रिकेवर शाई फुटायची, म्हणून हाताखाली टीपकागद धरून लिहायची सवय मला लागली. आमच्या मिरजेच्या गल्लीत एका मंगळागौरीला शेजारच्या मुलीने फुगडीसाठी माझे हात धरले. गिरकीला वेग आला तशी तिची बोटं माझ्या हातांतून निसटली आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. फारसं लागलं नाही तिला. पण त्यानंतर फुगडीसाठी मला कुणी हात दिला नाही आणि मीही कुणापुढे केला नाही. आई आधी म्हणायची, मोठी झालीस की जाईल. मग म्हणायला लागली, लग्न झालं की जाईल. पाहुणे बघायला येणार असले की ती माझ्या हातात पोह्यांच्या बशा देत नसे, ट्रे देई. बशीच्या कडेवर ओली बोटं दिसतात, ट्रेवर दिसत नाहीत.

नोकरीसाठी चेन्नईला आले तेव्हा मला सगळ्यात आधी आवडला तो तिथला उकाडा. हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण खरं आहे. बसमध्ये, भाजीवाल्यापाशी, नुंगंबाक्कमच्या दुकानांत सगळेच निथळत असायचे. रुमालाने हात पुसणाऱ्या माणसाकडे तिथे कुणी वळून बघत नसे. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांसारखी दिसत होते. फक्त ऑफिसात एसी होता. आमचं ऑफिस पेरुंगुडीला, काचेच्या इमारतीत. तिथे बाकीचे कोरडे व्हायचे आणि माझे हात गार आणि ओले राहायचे. माझ्या कीबोर्डवर मी प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. धुळीसाठी, असं सांगायचे.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. आमचे प्रोजेक्ट लीड तंजावरकडचे मराठी होते. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. ऑफिसात ते तमिळ आणि इंग्रजी बोलायचे, पण आम्ही दोघंच असलो की मराठीवर यायचे. त्यांचं मराठी जुनं होतं, हेल तमिळचा होता आणि मधले मधले शब्दही तमिळ असायचे. मला सुरुवातीला कान देऊन ऐकावं लागायचं. इथे त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते, कारण त्यांची नक्कल मला जमणार नाही आणि करावीशीही वाटत नाही. माणूस सरळ होता. दुसऱ्याची अडचण सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नसे, एवढंच.

चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्या तपासणी विभागासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. भाग तपासायचा, कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं आणि तो पास की रिजेक्ट ते नोंदवायचं. लॉगिन मात्र नावालाच होतं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला होता, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांचा मिळून एकच झाला होता. तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असे. एकदा रिजेक्ट व्हायला हवा होता तो माल पास होऊन बाहेर गेला आणि गाड्यांच्या कंपनीने परत पाठवला. ज्या माणसाच्या नावावर पासची नोंद होती तो त्या दिवशी रजा घेऊन गावी गेलेला. कारखान्याचे जनरल मॅनेजर चिडले नाहीत. त्यांनी आम्हाला बोलावून शांतपणे सांगितलं, की नोंद ज्याच्या नावावर आहे ती त्यानेच केली, हे मला खात्रीने कळलं पाहिजे. कसं, ते तुम्ही सुचवा.

सुचवायचं काम माझ्याकडे आलं. नुसता पासवर्ड तर बघूनच झाला होता. दुसरा मार्ग होता कार्डाचा. प्रत्येकाला कार्ड द्यायचं, ते यंत्रात घालायचं आणि सोबत फक्त स्वतःला ठाऊक असलेला नंबर दाबायचा. तिसरा मार्ग बोटाच्या ठशाचा. तेव्हा ठसे वाचणारी छोटी यंत्रं बाजारात नुकतीच स्वस्त झाली होती. कॉम्प्युटरला वायरीने जोडायची, वर काचेची चकती, तिच्यावर बोट ठेवलं की खालून लाल उजेड यायचा. आमच्या लीडना ते फार आवडलं. कार्ड एकमेकांना देतात, नंबर एकमेकांना सांगतात, बोट कुणाला उसनं देता येत नाही, असं ते प्रत्येकाला सांगत सुटले.

यंत्र माझ्या टेबलावर आलं त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत, आसपास कुणी नसताना, मी माझं बोट त्यावर ठेवलं. स्क्रीनवर ठशाऐवजी काळा डाग आला आणि खाली ओळ उमटली, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी काच पुसली, बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. तेच. ओढणीत बोट गुंडाळून थोडा वेळ बसले आणि पटकन टेकवलं तेव्हा एकदा कसाबसा ठसा नोंदला गेला, पण पुन्हा बोट ठेवल्यावर यंत्राने मला ओळखलं नाही. सगळ्यांसमोर हात लपवायची मला सवय होती. यंत्रासमोरही लाज वाटेल असं मात्र वाटलं नव्हतं. कुणी पाहिलं नव्हतं तरी माझे कान गरम झाले.

मग मी शेजारी बसणाऱ्या मुलाची बोटं वापरून सगळ्या चाचण्या केल्या, आणि अहवालात स्पष्ट लिहिलं, की हाताला घाम येणाऱ्यांचा किंवा बोटाची कातडी झिजलेल्यांचा ठसा भरवशाने उमटत नाही, आमच्याच एका तपासनिसाचा उमटला नाही. कोणाचा ते लिहिलं नाही. लिहिण्याची गरजही नव्हती. लीडनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, की असे लोक कितीसे असतात. मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं. ते म्हणाले, क्वचितच असतील.

कारखान्यात प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. बोट ठेवण्याचं काम त्या शेजारच्या मुलाचं होतं. नेमक्या त्याला कांजिण्या आल्या. लीड म्हणाले, तू आहेस ना, तुला सगळं माहीत आहे. मी म्हणाले, मी बोलते, बोट तुम्ही ठेवा. त्यांना ते बरोबर वाटलं नाही. मी समजावून सांगणार आणि तूच वापरून दाखवणार, म्हणजे कुणालाही जमतं हे त्यांना दिसेल, असं त्यांचं म्हणणं. तिथेच सांगून टाकायला हवं होतं, असं आज कुणालाही वाटेल. पण काय शब्दांत सांगायचं? माझ्या हातांना घाम येतो, हे वाक्य मी घराबाहेर कुणाशीही कधी बोलले नव्हते.

जाताना गाडीत मी दोन्ही हात एसीच्या झोतासमोर धरून बसले होते. कारखान्यात पोचल्यावर आधी बाथरूममध्ये गेले, हात धुतले, पुसले आणि पर्समधली पावडर लावली. मीटिंगच्या खोलीपर्यंत पोचेतो पावडरीचा चिखल झाला होता. मग तो कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून रुमालाने खरवडत बसले.

खोलीत जनरल मॅनेजर होते, त्यांचे दोन-तीन अधिकारी होते, आणि तपासणी विभागाचे सुपरवायझर होते. भिंतीवर माझा स्क्रीन मोठा करून दाखवलेला. लीड छान बोलले. बोट उसनं देता येत नाही या वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी माझ्याकडे हात केला आणि मी बोट ठेवलं.

भिंतीवर काळा डाग आला. पुन्हा प्रयत्न करा. मी बोट उचललं तेव्हा काचेवर पाण्याचा ठिपका राहिला होता आणि खालच्या लाल उजेडात तो चकाकत होता. दुसरं बोट ठेवलं. पुन्हा प्रयत्न करा. खोलीतला प्रत्येक माणूस एकदा भिंतीकडे आणि एकदा माझ्या हाताकडे बघत होता. जितके बघत होते तितकं पाणी सुटत होतं. लीड म्हणाले, कधीकधी व्होल्टेज कमी-जास्त झालं की असं होतं. जनरल मॅनेजर उठले. वयस्कर, अदबीने वागणारे गृहस्थ होते. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि स्वतः ती काच पुसली. मग क्षणभर रुमालाकडे पाहिलं, ओली बाजू आत जाईल अशी घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला. ती घडी मी विसरू शकलेले नाही. ओरडले असते तर चाललं असतं.

"घाबरलीस का, मा?" त्यांनी लेकीला विचारावं तसं विचारलं.

लीड हसून म्हणाले, तुम्हाला बघून घाबरली, सर. सगळे हसले, वाईट हेतूने नाही. मीही हसले. मग लीडनी स्वतःचं बोट ठेवलं, यंत्राने टिंग केलं आणि भिंतीवर त्यांचं नाव आलं. तिथेच निर्णय झाला. अहवालातलं माझं वाक्य लीडखेरीज कुणी वाचलंही नव्हतं, आणि मीही ते मोठ्याने वाचून दाखवलं नाही.

परतीच्या वाटेवर लीड मराठीत म्हणाले, "आजार आहे का?"

"नाही. घाम आहे."

"मग मला आधी सांगायचं होतंस."

मी पर्स मांडीवर ओढून हात तिच्याखाली घेतले. थोड्या वेळाने ते म्हणाले, परवायिल्ले, म्हणजे जाऊ दे, काही बिघडलं नाही, पुढच्या वेळी बोट मीच ठेवेन. ते धीर देत होते. पण पुढच्या वेळी हा शब्द मला टोचला. आता हे त्यांना कायमचं माहीत असणार होतं. रोज सकाळी ते गुड मॉर्निंग म्हणतील आणि त्यांना माझे हात आठवतील.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी तिला झालेलं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो, सगळ्यांनी पाहिलं का. दुसरा, तिथे आपल्यापैकी कुणी नव्हतं ना. लीड मराठी आहेत म्हटल्यावर तिने त्यांची सगळी चौकशी केली. त्यांना कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत आणि मिरज कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नाही, हे कळल्यावर तिने सुस्कारा सोडला. मला तिचा राग आला नाही. लाज आम्हा दोघींची मिळून होती. ती फक्त माझ्याआधीपासून सांभाळत होती.

कारखान्यात सगळ्यांचे ठसे घ्यायला मलाच जावं लागलं, कारण सॉफ्टवेअर मीच तपासलेलं. तपासणी विभागात बहुतेक बायका होत्या. निळे कोट घातलेल्या, लांबच लांब टेबलांपाशी उभं राहून भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवून धुवायच्या, माप बघायला गेज लावायच्या, डोळ्यांजवळ धरून बघायच्या आणि गंजू नये म्हणून तेल लावून खोक्यात ठेवायच्या. एका कोपऱ्यात टेबल टाकून मी यंत्र घेऊन बसले. माझ्या हातात रुमाल होता आणि बोट मला ठेवायचं नव्हतं, त्यामुळे मी बरीच निवांत होते. एकेक जण येत होती, बोट ठेवत होती, टिंग होत होतं.

मग एक बाई आली. माझ्याहून बरीच मोठी, केसांत मोगरा, बाकीच्या तिला अक्का म्हणत होत्या. तिने बोट ठेवलं आणि स्क्रीनवर धड काहीच आलं नाही, नुसता राखाडी गोळा. कित्येक वर्षांच्या रॉकेलने आणि लोखंडाने तिच्या बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या. तिने बोट कोटाला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. पुन्हा पुसलं. पुसून पुसून बोट लाल झालं. मागची रांग वाढत होती. त्या पुसण्याकडे बघताना माझ्याच तळहातांना पाणी सुटायला लागलं.

सुपरवायझर आले. नल्ला अमुक्कु, नीट दाब, असं म्हणून त्यांनी तिचं बोट आपल्या हाताने काचेवर दाबलं. काही झालं नाही. तेव्हा ते रांगेकडे बघून म्हणाले, की काही जणींना ठसा द्यायचाच नसतो, म्हणजे नंतर काही निघालं तर अंगावर यायला नको. परत आलेल्या मालाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रांगेत कुणी हसलं. त्या बाईचा चेहरा एकदम बंद झाल्यासारखा झाला.

मी उठले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि उजवा हात उघडून सुपरवायझरांसमोर धरला. हात ठिबकत होता. माझं तमिळ तोडकंमोडकं होतं, पण तेवढं येत होतं.

"एन् कैयुम अप्पडित्तान," मी म्हणाले. माझाही हात असाच आहे.

मग सगळ्यांना दिसावं म्हणून मी यंत्रावर बोट ठेवलं. काळा डाग आला. सुपरवायझर एक पाऊल मागे सरकले. आणि मग रांगेत मागून एका मुलीने शेजारणीला विचारलं, की हे लागतं का, म्हणजे एकाचं दुसऱ्याला होतं का.

त्या बाईने आपला हात काचेजवळून मागे घेतला. कोटाला पुसला, या वेळी जोरात. माझ्याकडे न बघता म्हणाली की मला काही झालेलं नाही, आणि आपल्या टेबलाशी जाऊन कामाला लागली.

उरलेले ठसे मी कसे घेतले मला आठवत नाही. मला वाटलं होतं मी तिची बाजू घेते आहे. तिला तसं वाटण्याचं काही कारणच नव्हतं. तिची बोटं कामाने झिजली होती, माझ्या हातांचं जे आहे ते लोकांच्या लेखी दुखणं होतं, आणि मी भर रांगेत दोन्ही एका माळेत ओवली होती. लपवत आलेली गोष्ट इतक्या लोकांसमोर उघडी केली आणि तिचा उपयोग झाला तो एका धडधाकट बाईला आजारी ठरवायला.

जेवायच्या सुट्टीत कँटीनमध्ये मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि मला येईल तशी माफी मागितली. तिने डब्यातला ताकभात कालवणं थांबवलं नाही. तिचं बोलणं मला सगळं कळलं नाही, जे कळलं ते असं, की तपासणीत माणसाचे हात म्हणजेच सगळं असतं, आणि आजवर तिच्या हाताखालून चुकीचा भाग गेलेला नाही. शेवटचं वाक्य तिने सावकाश, मला कळेल अशा बेताने म्हटलं.

"आता रोज सगळ्यांना कारण सांगत बसावं लागेल."

एवढं बोलून डबा उचलून ती मैत्रिणींकडे गेली.

ठसे न उमटलेल्या आणखीही काही जणी निघाल्या. क्वचितच म्हणता येईल इतक्या थोड्या नव्हत्या त्या. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय करायला पुन्हा मीटिंग बोलावली गेली. लीडनी ती सोय आधीच आखून ठेवली होती. ठसा चालला नाही की एक वेगळा स्क्रीन उघडणार, त्यावर कारण निवडायचं, त्वचेचा विकार, घाम, जखम, इतर. मग सुपरवायझरने येऊन मंजुरी द्यायची आणि मगच कार्ड आणि नंबर चालणार. चलाखी करून कुणी ठसा टाळू नये म्हणून हा बंदोबस्त. जनरल मॅनेजरना तो पसंत पडला. मीटिंग जवळजवळ संपली होती.

मी म्हणाले की कारणाचा रकाना काढून टाकावा. ठसा आणि कार्ड-नंबर असे दोन्ही मार्ग एकाच स्क्रीनवर, सगळ्यांना सारखे दिसावेत. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा, मंजुरी नको.

जनरल मॅनेजर म्हणाले, मग सगळेच नंबर वापरतील. मी म्हटलं, वापरू देत. नंबर प्रत्येकाने स्वतः ठरवायचा, सुपरवायझरलाही तो दिसणार नाही. लागोपाठ दोन-तीनदा चुकला तर कार्ड बंद पडेल. कार्ड खिशात, नंबर डोक्यात, दोन्ही एकदम दुसऱ्याला देणारा माणूस आपण आपलं नाव देतो आहोत हे समजूनच देईल. पूर्वीच्या कागदावरच्या पासवर्डासारखं ते नकळत होणार नाही. हे सगळं बोलायला सोपं होतं, कारण ते कामाचं होतं.

"पण कारण विचारण्यात गैर काय आहे?" त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं.

लीड माझ्याकडे बघत होते. मला हात टेबलाखाली घ्यायचे होते. टेबल काचेचं होतं, त्यामुळे तसाही उपयोग नव्हता.

मी म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, घाबरलीस का. मी घाबरले नव्हते. माझ्या हातांना घाम येतो, लहानपणापासून. पण ते सांगण्यापेक्षा घाबरट दिसणं मला सोपं वाटलं. मला ते एकदाच सोसावं लागलं. या बायकांना रोज, कामाच्या प्रत्येक पाळीला, सुपरवायझरसमोर उभं राहून त्या यादीतून एक शब्द निवडावा लागेल."

बोलून झाल्यावर मी खाली पाहिलं. काचेवर माझ्या दोन्ही हातांचे पंजे उमटले होते आणि कडेने वाफ धरली होती. जनरल मॅनेजरही तिकडेच बघत होते. या वेळी त्यांनी रुमाल काढला नाही. नजर वळवून त्यांनी सुपरवायझरना विचारलं, की पाळी सुरू होताना कार्डाने उशीर होईल का. सुपरवायझर म्हणाले, नाही होणार. मग रकाना काढा, असं जनरल मॅनेजर म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

माझं म्हणणं मान्य झालं होतं. मला मात्र भर बाजारात पदर सुटल्यासारखं वाटत होतं. बाहेर आल्यावर लीड म्हणाले की अशा गोष्टी क्लायंटसमोर काढायच्या नसतात, आधी माझ्याशी बोलायचं. त्यांचंही खरं होतं. आठवडाभर मी ऑफिसात कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. आईला यातलं काही सांगितलं नाही.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि नीट चाललं. गंमत अशी, की ज्यांचे ठसे व्यवस्थित उमटत होते त्यांतल्याही पुष्कळ जणींनी कार्डच धरलं, कारण बोट ठेवायला दर वेळी तेल पुसावं लागे. त्यामुळे कार्ड वापरणारी बाई का वापरते, हा प्रश्नच उरला नाही. ज्याची नोंद त्याच्याच नावावर पडायला लागली. पुढे एकदा काही बदल करायला मी तिथे गेले होते, तेव्हा ती अक्का तिच्या टेबलाशी होती. कॉम्प्युटरपाशी आली, कार्ड घातलं, शरीराचा आडोसा करून नंबर दाबला, नोंद केली आणि परत गेली. मी उभी होते ते तिने पाहिलं असावं. ती बोलली नाही. मीही जवळ गेले नाही.

नंतर आमच्याकडे लॉगिन कसं ठेवायचं असा प्रश्न आला की लीड मला सोबत न्यायला लागले. एका नव्या क्लायंटपुढे त्यांनी माझी ओळख करून दिली, ही आमची ओल्या बोटांची तज्ज्ञ. त्यांना माझं कौतुक वाटत होतं. तो त्यांचा कौतुकाचाच सूर होता. खोलीतले लोक हसले, अर्थ न कळता, आणि मीही हसले. त्या क्लायंटची मासळी साफ करून डबाबंद करायची फॅक्टरी होती. हसणं थांबल्यावर मी त्यांना विचारलं, की तुमच्याकडे काम करणाऱ्यांचे हात दिवसभर कशात असतात. ते विचार करून उत्तर द्यायला लागले, बर्फ, मीठ, पाणी, हातमोजे. मी ऐकत होते. माझे हात टेबलाखाली, मांडीवरच्या रुमालात होते.